चार ते सहा

तक्रारपेटीतली तिसरी चिठ्ठी मुख्याध्यापिकाबाईंनी वाचून दाखवली, तेव्हा सगळ्यांत आधी तापले ते घड्याळवाले काका. गल्लीच्या वळणावरच्या बाकावर एक माणूस रोज चार ते सहा बसतो आणि समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडे एकटक बघत राहतो, असं चिठ्ठीत होतं. खाली नाव नव्हतं. अशाला चांगली समज द्यायला हवी, काका म्हणाले, हल्ली कुणाला धरबंधच उरलेला नाही.

पोलीस, पालिका आणि रहिवासी यांनी मिळून काढलेल्या या सुरक्षा समितीला तीन आठवडे झाले होते आणि तिच्या हातून एक दिवा बदलण्यापलीकडे काही घडलं नव्हतं. त्यामुळे सगळ्यांनाच हुरूप आला. त्या वेळेला तिथे लक्ष कोण ठेवेल, असं हवालदारांनी विचारलं. काकांनी हात वर केला.

"मी तसाही तिथेच असतो."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. कुणाच्याच काही ध्यानात आलं नाही. काकांच्याही नाही. त्यांना समितीचं पिवळं जाकीट मिळालं, शिट्टी मिळाली आणि नोंदींसाठी एक वही.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला काका बाकावर जाऊन बसले. पाठ नसलेला सिमेंटचा बाक, हवं त्या बाजूला तोंड करून बसावं असा. ऊन भिंतीवरून सावकाश उतरत होतं. ते खिडकीवर आलं की काच सोनेरी व्हायची आणि आत कुणीतरी केस विंचरत उभं आहे असं वाटायचं. त्या खोलीत काकांनी तीस वर्षं संसार केला होता. काकू गेल्या, खोली सुटली, काका मुलाकडे राहायला गेले. पण चार वाजले की पाय आपोआप इकडे वळत. काकूंची वेणी घालायची वेळ ती. आजही काका काचेकडे बघत राहिले आणि संशयिताची वाट बघायची आहे हे जवळजवळ विसरूनच गेले.

पाचच्या सुमाराला समोरच्या दारातून एक तरुण बाई कडेवर बाळ घेऊन आली. जाकीट पाहून तिचा चेहरा निवळला.

"काका, चिठ्ठी मीच टाकली होती," ती हळूच म्हणाली. "नवीनच आहोत आम्ही इथे. दोन महिने झाले, खिडकी उघडली नाही मी. बाळाला वारा म्हणून लागत नाही. बंद काचेतून नुसती आकृती दिसते हो त्याची. हलत नाही, काही नाही. बसून असतो."

"कुठे बसतो?"

"तुम्ही बसलात ना, अगदी तिथेच."

तो माणूस आपणच, हे आता काकांच्या ध्यानात आलं. सांगून टाकावं असं वाटलं, पण जीभ रेटेना. आणि न सांगता रोज असंच बसलं तर? आता कोण काय म्हणणार होतं? उलट लोक आभारच मानतील. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोला. वर काच अजून सोनेरी होती.

"तो आला तर ओळखाल ना तुम्ही?" तिने विचारलं.

"ओळखेन."

ती गेल्यावर काकांनी वही उघडली. तो माणूस आला होता, त्यांनी लिहिलं. समज दिली आहे. यापुढे खिडकीकडे बघणार नाही.

तिसऱ्या दिवशी चार वाजता काका पुन्हा आले. जाकिटाची बटणं नीट लावली आणि खिडकीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले. फार जड गेलं. हात कुठे ठेवावेत तेही कळेना. समोरून सायकली जात होत्या, एक कुत्रं ऊन बघून आडवं झालं होतं.

बऱ्याच वेळाने मागून करकर आवाज आला. खिडकीची डावी बिजागरी. तेल घालतो, घालतो म्हणता म्हणता तीस वर्षं राहूनच गेलं होतं.

काका वळले नाहीत. काचेचा सोनेरी कवडसा रस्त्यावर पडला होता. तो हलला, सरकत सरकत त्यांच्या पायांपाशी आला आणि तिथेच थांबला.