पाव गोळी

शिवणकाम करणाऱ्या काकूंची संधिवातावरची स्टेरॉइडची गोळी म्हणजे कित्येक वर्षांची सोबतीण. डॉक्टर ती कमी करत करत पाव गोळीवर आले होते. "शरीर या गोळीसारखं स्वतःचं औषध पुन्हा बनवू लागलं की हीही बंद करू," ते म्हणाले होते, "तोवर जरा कळ काढा."

काकूंनी कळ काढली. सांधे ठणकायचे, अंगात त्राण नसायचं, केस विंचरायला हात वर जायचा नाही. शिलाई मशीनवर चादर पडली ती पडलीच. शेजारीण मात्र दारातूनच म्हणायची, "गोळीने आलेली चेहऱ्याची सूज उतरली हो! किती छान दिसताय!"

"हो ना," काकू म्हणायच्या, "मढं सजवलंय नुसतं."

आज सकाळी मात्र त्या उठल्या त्या ताठ उभ्या राहिल्या. स्वतःची वेणी स्वतः घातली, चादर काढून मशीनवर बसल्या आणि कधीची अडून राहिलेली कॉलर एका दमात लावून टाकली.

"अहो, बघितलंत का? जागं झालं माझं शरीर! डॉक्टरांना सांगते, आता पाव गोळीही बंद करा म्हणून," मशीन चालवता चालवताच त्या म्हणाल्या.

काका खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. "नको सांगूस. तुझं कण्हणं ऐकवेना गं. परवापासून तुझ्या दुधात जुनी अख्खी गोळी कुटून घालतोय मी."

मशीन थांबलं. काकू बराच वेळ ती नवी शिवण बोटांनी चाचपत राहिल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "उद्याही घाला. फक्त मला सांगू नका."