दुमडलेलं टोक

“दोघांनी खेळायचं मशीन म्हणून विकलंत, आणि उजवी जॉयस्टिक बंद!” तक्रार आली म्हणून त्याच्या घरी गेलो, तर गिऱ्हाइकाने दारातच मला फैलावर घेतलं. “सगळं तपासलं होतंत ना?” “तपासलं होतं... डावीकडचं.” “म्हणजे चक्क फसवलंत!” व्हिडिओ गेमच्या त्या जुन्या मशीनची उजवी बाजू दादाची. बाबांशी भांडून दादा घर सोडून गेला, त्या दिवसापासून मी तिला हातच लावला नव्हता. मी झाकण उघडलं. आतली वायर कापलेली होती. “मुद्दाम कापलीय! पोलिसांतच जातो,” गिऱ्हाईक कडाडलं. वाकून पाहिलं. दोन्ही तुकड्यांना काळी टेप होती आणि टेपचं टोक दुमडलेलं. बाबा इलेक्ट्रिशियन होते. कायमची तोडलेली वायर ते घट्ट गुंडाळायचे. पुन्हा जोडायची असली, तरच टोक असं दुमडायचे, सहज सुटावं म्हणून. “जोडून देतो,” मी म्हणालो, “पण आधी दादाला फोन करू द्या.”