आयकार्ड

नवा युनिफॉर्म, दप्तर, पाण्याची बाटली, आमच्या लेकीला, मैत्रीला, सगळं आवडलं. पण प्ले-स्कूलचं आयकार्ड गळ्यात घालायला गेलं की ती भोकाड पसरायची.

माझा संशय सासूबाईंवर. एवढ्याशा पोरीला शाळेत घालायला त्यांचा आधीपासूनच विरोध होता.

"आई, तुम्हीच हिला काहीतरी सांगून घाबरवलंय."

"मी कशाला सांगू? तिलाच विचार की."

विचारलंच. मैत्रीला मांडीवर घेतलं. "आजी काय म्हणाली गं तुला? खरं सांग, मी रागावणार नाही."

ती दाराकडे बघत राहिली. चाकणच्या कंपनीचं कार्ड गळ्यात अडकवून तिचे पप्पा शिफ्टला निघाले होते.



"मम्मी, मलापण रोज ओव्हरटाइम असणार?"