ठेंगणा पूल

नेदरलँड्समधल्या फ्रीसलँडच्या तळ्या-कालव्यांतल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत दरवर्षी वीब्रेन सुकाणूवर आणि त्याची बायको हिल्त्ये डोलकाठीपाशी. यंदा त्याच्या गुडघ्याने दगा दिला आणि त्याच्या जागेवर शेजारचा विधुर ओत्से बसला. वीब्रेन गाडी घेऊन पुलापुलावर उभा राहू लागला.

होडी ठेंगण्या पुलाशी आली. इथे वेग कमी न करता ऐनवेळी डोलकाठी आडवी करावी लागते. गेल्या वर्षी वीब्रेन आणि हिल्त्येची डोलकाठी इथेच आपटून मोडली होती. ओत्से एक अक्षर बोलला नाही. हिल्त्येने दोर सोडला, डोलकाठी अलगद आडवी झाली आणि होडी पुलाखालून पार गेली.

"काय जोडी आहे!" पुलावर वीब्रेनशेजारी उभी असलेली बाई म्हणाली.

संध्याकाळी मुक्कामाच्या धक्क्यावर वीब्रेनने हिल्त्येला गाठलं. "कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"न बोलता तुमचं एकमेकांना कळतं ते!"

"त्याला कसलं कळतंय! पहिल्या पुलाला तोही तुझ्यासारखाच 'सोड, सोड' म्हणून बोंबलला. मी म्हटलं, पुन्हा तोंड उघडलंस तर काठावर उतरवीन. परका माणूस तो, लगेच ऐकलं."