कडुनिंबावरचे पोपट

पिंपावरचं झाकण उडालं तेव्हा जयमाला गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या आवरत होती. चैताचा वारा. तो आधी पिंपात शिरला आणि पिशव्या घेऊनच बाहेर आला.

एक, दोन, मग थवाच. पांढऱ्या पिशव्या, प्रत्येकीवर हिरवा पोपट छापलेला. ॲपवरून किराणा मागवला की जिऱ्याला एक पिशवी, साबणाला एक, लसणाच्या चार गड्ड्यांना एक, आणि साऱ्यांना पोटात घेणारी एक मोठी. टाकायला जावं तर घंटागाडी नेमकी जहांगीरभाईंच्या किराणा दुकानासमोर उभी राहायची. म्हणून दिवाळीपासून जयमाला त्या पिंपात कोंबत आली होती.

पिशव्यांनी गल्ली ओलांडली आणि त्याच दुकानासमोरच्या कडुनिंबात जाऊन बसल्या.

"जयमाले, तुह्या घरचे पोपट उडाले व!" समोरच्या ओट्यावरून कौशल्याबाई ओरडल्या. "पिंजरा मोठा घे आता!"

गल्ली हसली. जयमाला गच्चीवरून उतरता उतरता जिन्यातच बसून राहिली.

उंद्रीहून लग्न होऊन ती चिखलीत आली तेव्हा महिन्याला काय आणि किती लागतं हेही तिला कळत नव्हतं. जहांगीरभाईंनीच सांगितलं होतं, "ताई, दोन माणसायले इतली डाळ पुरते." मुलगी झाली तेव्हा लाडवांचा डिंक त्यांनीच निवडून दिला. अख्तरीभाभींचा शीरखुर्मा ईदला सगळ्यात आधी तिच्या घरी यायचा. आणि तिनं काय केलं? दुपारी गल्ली झोपली की मागच्या दारानं पोपट घरात घेतले.

संध्याकाळी दार वाजलं. जहांगीरभाई उभे होते. हातात पिशव्यांची चळत, एकेक झटकून, घडी घालून, वरून दोरा बांधलेला. काठीनं काढताना कडुनिंबाचा मोहोर दाढीत अडकला होता.

"ताई, तुमच्या वाटते."

"भाई, ते... पोरीनं मोबाईलवर..." मुलीचं नाव घेतलं आणि जयमालाला स्वतःची आणखीच लाज वाटली.

"हाव ताई. सारेच मांगवतात आता. कुरड्या वाचल्या न?"

रात्री तिला जेवण गोड लागेना. नवऱ्यानं, राजकुमारनं, विचारलं, "काही बोलले का ते?"

"नाही न! बोलले असते तं बरं झालं असतं."

सकाळी तिनं ॲप काढून टाकलं. जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी घेतली आणि भर गल्लीतून, साऱ्यांदेखत निघाली. 'आता काऊन आल्या?' असं भाई म्हणाले तर काय सांगायचं, ते दुकान येईपर्यंत तिला सुचलं नाही.

 तिला पाहताच भाईच लगबगीनं दारात आले. त्यांच्या मागं दुकानात अंधार होता.

"बल्ब गेला, ताई. तुम्ही उन्हात काऊन उभ्या राहता? काय पायजे ते सांगून जा. उद्या संध्याकाळी घरी आणून देतो."

"आत्ताच नेते न भाई. एवढी डाळच तं जोखायची."

"निवडून देतो. तुमच्या घरी असातसा माल देऊ का मी?"

तराजूवर फडकं टाकलेलं होतं. पुढच्या बरण्यांत तेवढ्या गोळ्या चमकत होत्या. जयमालानं लुगड्याची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि परतली. भाई रागावले असतील, आणणार नाहीत, असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

दुसऱ्या संध्याकाळी ते आले. तिच्याच पिशवीत वर्तमानपत्राच्या पुड्या, प्रत्येकीला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. प्लास्टिकचा चिटोराही नाही. डाळ स्वच्छ, जिरं खमंग. आणि भाव विचारला तर ॲपवर होता तोच.

"भाई, परवडते का तुमाले?"

"तुमच्यापासून काय कमवायचं, ताई?"

ते वळले तशी तिनं पदर डोळ्यांना लावला.

मग ते तसंच चालत राहिलं. आज सांगायचं, उद्या पुड्या यायच्या. लाज एकदम गेली नाही. एकेक पुडी सुटावी तशी सुटत गेली. जयमाला पुन्हा मान वर करून गल्लीतून चालू लागली. कौशल्याबाईंनी डिवचलं, "काऊन व, पोपट कुठं गेले?" तर ती ठसक्यात म्हणाली, "मी भाईकडूनच आणते. आपल्या माणसाचं दुकान चाललं पायजे न, माय!"

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी पुरणाची वेलची सांगायची राहून गेली. आठवली तेव्हा दिवस मावळत आला होता. दुकानाचं शटर खाली होतं. जयमाला बोळातून मागं गेली. भाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आत दिवा होता. हाक मारायला ती खिडकीशी गेली.

चटईवर तिची लुगड्याची पिशवी पसरलेली होती. बाजूला पांढऱ्या पिशव्यांचा ढीग, ढिगावर हिरवे पोपट. जहांगीरभाई एकेक पिशवी फोडून डाळ, साखर वर्तमानपत्रावर ओतत होते आणि अख्तरीभाभी पुड्या बांधत होत्या.

"दुकानातला माल दिवाळीलेच सरला," भाभी म्हणाल्या. "शटर तं तुम्ही नुसतं सवयीनं उघडता. एकदाचं सांगून काऊन नाही देत जयमालाताईले?"

"कसं सांगू?" भाईंनी पुढची पिशवी ओढली. "आपल्यापायी दुकान बुडालं असं वाटन त्यायले. हळू बोल. आधीच लय शरमल्या त्या."