बाराचा पाढा

"पुन्हा म्हण. बारा दुणे?"

अक्षतने तोंड उघडलं. "चो... ओईस."

विठोबांचं डोकं सणकलं. बत्तीस वर्षं देवासच्या कारखान्यात लेथवर उभं राहून सूतभर चूक खपवून न घेतलेला माणूस! हिंदी शाळेत जाऊन नातू मराठी विसरत चालला, हे त्यांना मुळीच सहन होत नसे. म्हणून रोज दिवेलागणीला देवापुढे बसून मराठी पाढे. आज अकरापर्यंत गडी घडाघडा म्हणाला होता. बाराला लागला आणि जीभ जड झाली.

"नाटकं नकोत. नीट म्हण!"

पोरगा पुन्हा अडखळला. तोंडाचा एकच कोपरा वर गेला.

"वर हसतोस? हात जोड आधी, देवाची माफी माग!"

डावा हात वर आला. उजवा मांडीवरच राहिला.

"आळशी कुठला! पुन्हा."

किती वेळा 'पुन्हा' झालं, देव जाणे. शेवटी सून कल्पना पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "बाबा, आता पुरे. हिंदीत म्हणू द्या त्याला."

"म्हण लेका, तुझ्या लाडक्या हिंदीत!"

दिवसभर गल्लीत 'अरे भिया, अरे भिया' करत हिंदी फाडणारं नऊ वर्षांचं पोर ते. त्याने ओठ हलवले. "बा... ब..." आणि हनुवटीवर लाळ ओघळली.

विठोबा ताडकन उठले. हिंदीही गेली होती.

शेजारच्या अंकितने गाडी काढली. तासाभरात इंदूर गाठलं. स्कॅन झाला आणि डॉक्टरबाई घाईने बाहेर आल्या.

"मेंदूची शीर तुंबली आहे. हो, मुलांनाही होतं हे. रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध ठरावीक तासांच्या आतच देता येतं, म्हणून त्रास नेमका कधी सुरू झाला ते सांगा. अंदाज चालणार नाही."

"साडेसात," कल्पना पटकन म्हणाली.

विठोबांनी मान खाली घातली. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं.

"नाही हो, बाई. सात. घड्याळात सातचे ठोके पडले तेव्हा अकराचा पाढा संपला. अगदी स्वच्छ म्हणाला. मग लगेच बारा दुणेला अडला. पुढचा अर्धा तास मीच त्याला छळलं. मला मेल्याला कळलंच नाही."

"अजून वेळ आहे," म्हणत डॉक्टर आत धावल्या.

विठोबा मटकन बाकावर बसले. "तुझा काय दोष, पोरी? तू स्वयंपाकघरात होतीस. तुला कुठून ठाऊक असणार!"

कल्पनाने पदर तोंडात कोंबला.

"सगळं ऐकू येत होतं, बाबा. पहिल्या 'चोओईस'पासून. मी म्हटलं, ओरडू देत. मराठी तरी सुधारेल."