शेवटचा पेशंट

परीक्षेच्या दिवशी सोनटक्के काका सदरा वर करून कॉटवर पडले आणि त्यांनी दमून डोळे मिटले. हल्ली एका सुईत सगळ्यांचं रक्त नीट होई, त्यामुळे मेडिकलच्या मुलांना दाखवायला थॅलेसेमियाचे, म्हणजे रक्ताच्या त्या जुन्या आजाराचे, एवढे एकच पेशंट उरले होते. परीक्षा घेणाऱ्या थेरगावकर मॅडम दरवर्षी हात जोडायच्या, "काका, एवढी बॅच जाऊ द्या, मग घ्या सुई." काका थांबायचे. वर घाबरलेल्या पोरांना हळूच सांगायचेही, "डावीकडे बरगडीखाली चाचप रे, प्लीहा चार बोटं वाढलीय."

यंदा ते गप्प होते. तरी प्रत्येक जण पोटाला जेमतेम हात लावून घडाघडा बोलून गेला, "प्लीहा चार बोटं, मॅडम." मागच्या बॅचनं पढवून ठेवलं होतं ना!

शेवटच्या मुलीनं आधी हात चोळून गरम केले. दोनदा चाचपलं. "मॅडम, नापास करा हवं तर, पण हाताला काहीच लागत नाही. हे काका बरे आहेत."

मॅडमनी स्वतः हात ठेवला. पोट मऊ होतं.

"कधी घेतलीत सुई?"

"दिवाळीनंतर. थकलो हो, मॅडम. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही."

"मग आज आलात कशाला?"

"म्हटलं, मी बरा झालोय हे कुणीतरी ओळखावं."

मॅडमनी त्यांचा सदरा हळूच खाली ओढला. "पास," त्या मुलीला म्हणाल्या. "आता काकांना हात देऊन उठव."